वर्कबुकमधील कोरी पाने



दिवाळीच्या सुटीनंतर एका मंडळीतील काही भगिनी आमच्या वसतिगृहाला भेट द्यायला आल्या होत्या. त्यांनी मुलांबरोबर प्रार्थना केली, जेवण केले आणि मग मोठ्या कौतुकाने मुलांची इंग्रजीची वर्कबुके चाळायला घेतली. निघताना त्यांच्यातील एकीने मला बाजूला घेऊन हळूच विचारले, "ताई, इतकी पाने कोरी कशी? आणि काही पानांवर तर नुसत्या फुल्या आहेत. मुलांना कोणी शिकवत नाही का?"

ही वर्कबुके, कागद आणि पेन्सिली तुमच्याच देणगीतून येतात, तेव्हा असे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. त्या दिवशी गाडी सुटायच्या घाईत मी जे उत्तर दिले ते अर्धवट होते. आता सविस्तर लिहिते. पण कोऱ्या पानांबद्दल सांगण्याआधी मला भरलेल्या पानांबद्दल सांगावे लागेल.

काही वर्षांपूर्वी आमच्या मुलांची वर्कबुके पाहण्यासारखी असत. एकही जागा रिकामी नाही, अक्षर वळणदार, चूक शोधून सापडायची नाही. त्यांचे फोटो आम्ही अहवालात छापले. तुमच्यापैकी काहींनी ते पाहिलेही असतील. ती पाने भरण्याची पद्धत अशी होती: मी प्रश्न वाचायचा, मराठीत अर्थ सांगायचा, उत्तर फळ्यावर लिहायचे आणि मुलांनी ते उतरवून घ्यायचे. एका तासात दोन पाने होत. सगळे खूश, मी सर्वांत जास्त.

त्याच काळात, पाचवीपासून आमच्याकडे राहिलेली एक मुलगी बारावी झाली. तिला नर्सिंगला जायचे होते. घरची पावरी बोली, शाळेत मराठी आणि वर्कबुके सुरेख भरलेली. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते, म्हणजे तिने बारा वर्षे इंग्रजी शिकलेले होते. एका संस्थेत तिला मुलाखतीला बोलावले. तिथे प्रश्न अगदी साधा होता: आज सकाळी इथे कशी आलीस? ती गप्प राहिली. पुन्हा विचारले तेव्हा तिने पाठ केलेले 'माझे गाव' या विषयावरचे चार इंग्रजी ओळींचे उत्तर म्हणून दाखवले. तिची निवड झाली नाही.

परत आली तेव्हा ती रडत नव्हती. भाकरी थापता थापता म्हणाली, "ताई, प्रश्न कळला होता मला. पण उत्तर फळ्यावर नव्हतं."

त्या रात्री मी कपाटातली जुनी वर्कबुके काढून बसले. एका पानावर मी फळ्यावर लिहिताना 'चिल्ड्रन' या शब्दातला 'एल' गाळला होता. त्या वर्गातल्या सत्तावीसही वह्यांत तो 'एल' नव्हता. एकाही मुलाला ते खटकले नव्हते, किंवा खटकले असले तरी बोलायचे धाडस झाले नव्हते. दोन्हींतले काय जास्त वाईट, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

मला स्वतःला हे आधीच कळायला हवे होते. धर्मशास्त्राच्या डिप्लोमाला आम्हाला नव्या कराराचे ग्रीक होते. 'लुओ, लुएइस, लुएइ' हे क्रियापद मी आजही झोपेतून उठून चालवून दाखवीन, पण ग्रीक माणूस समोर आला तर मला त्याच्याकडे पेलाभर पाणी मागता येणार नाही. ग्रीक आम्ही वाचण्यासाठी शिकत होतो, त्यामुळे तिथे बिघडले नाही. इंग्रजी मात्र आमच्या मुलांना बोलण्यासाठी हवे आहे, आणि मी ते त्याच ग्रीकसारखे शिकवत होते.

मग वाचन सुरू केले. त्यात एक गृहस्थ भेटले, एन. एस. प्रभू. (आडनाव प्रभू आहे, वाचकांनी गोंधळू नये.) १९७९ ते १९८४ या काळात त्यांनी दक्षिण भारतातील साध्या सरकारी शाळांतही इंग्रजी शिकवण्याचा एक प्रयोग चालवला. तो बंगलोर प्रकल्प या नावाने ओळखला जातो, आणि त्यावरचे त्यांचे पुस्तक १९८७ साली आले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की मुलाचे लक्ष भाषेकडे नसून हातातल्या कामाकडे असते तेव्हा भाषा जास्त चांगली रुजते. म्हणून मुलांना व्याकरणाचा धडा न देता एखादे कोडे, एखादे काम द्यावे, आणि ते इंग्रजीतून उलगडायला लावावे.

आता तुम्ही आपला वर्ग आठवा. बाई हातात पेन धरतात आणि इंग्रजीत विचारतात, हे काय आहे? बाईंना ते पेन आहे हे माहीत आहे. मुलांनाही माहीत आहे. बाईंना माहीत आहे हेसुद्धा मुलांना माहीत आहे. मग उत्तर द्यायचे कशाला? केवळ आज्ञा पाळायची म्हणून. घरी आई विचारते, "बकरी कुठं गेली?" तेव्हा तिला ते खरोखर माहीत नसते, म्हणून पोर धावत जाऊन बघते आणि ओरडून सांगते. एकाला माहीत आहे आणि दुसऱ्याला नाही, ही जी दरी आहे ती बोलायला भाग पाडते. प्रभूंनी अशी तीन प्रकारची कामे सांगितली आहेत: एकाजवळची माहिती दुसऱ्याकडे पोचवण्याची, दिलेल्या माहितीवरून विचार करून काहीतरी काढण्याची आणि आपले मत सांगण्याची. त्यांच्या अनुभवात दुसरा प्रकार वर्गात सर्वांत चांगला चालला. आमची सुरुवात पहिल्याने झाली, कारण त्याचे पान तयार करायला सोपे.

आमचे पहिले पान बाजाराचे होते. विकतच्या वर्कबुकात फ्रिज, मत्स्यालय, विमानतळ अशी चित्रे होती, आणि आमच्या मुलांनी यातले काहीच पाहिलेले नव्हते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांना शिकवताना महागड्या साधनांच्या जागी दगडगोटे, बिया, पाने वापरली, हे आपण सर्वांनी वाचले आहे. आम्ही तेच कागदावर केले. मीठ, गूळ, आमचूर, मोहाची फुले, दोर, कंदिलाची काच, विळा, कोंबडी अशी आठ चित्रे काढली. या भागातल्या घराघरांत कैऱ्या सोलून, चिरून, उन्हात वाळवून आमचूर करतात. तेव्हा आमचुराचा भाव हा आमच्या मुलांच्या दृष्टीने गंभीर विषय आहे.

पानाच्या दोन प्रती. 'अ' पानावर चार वस्तूंचे भाव लिहिलेले, बाकी चार रिकामे. 'ब' पानावर नेमके उलट. दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचे. एकमेकांचे पान बघायचे नाही, विचारायचे. "हाऊ मच इज द सॉल्ट?" एवढे एक वाक्य आम्ही आधी शिकवले. उत्तरातला आकडा ऐकून लिहायचा. ऐकू आले नाही तर काय म्हणायचे, हे शिकवायला मी विसरले होते. ते मुलांनीच येऊन मागितले: "ताई, 'परत सांग' कसं म्हणायचं?" बारा वर्षांत माझ्याकडे कोणी इंग्रजीतले वाक्य आपणहून मागितले नव्हते.

त्या दिवशी वर्गात इतका गोंधळ झाला, की शेजारच्या खोलीतून वसतिगृहाचे अधीक्षक पाहायला आले. तेव्हापासून आमच्या इंग्रजीच्या तासाला आवाज होतो. भेटीला याल तेव्हा त्याची तयारी ठेवा.

पुढे विचार करायला लावणारी पाने आली. एका पानावर एस.टी.चे वेळापत्रक असते, धडगाव ते शहादा, वेळा आम्ही मनाने घातलेल्या. आईला अकरा वाजता दवाखान्यात पोचायचे आहे, सकाळी आधी पाणी भरायचे आहे, कोणती गाडी पकडावी? यात एकच उत्तर बरोबर नसते. पहाटेची गाडी धरून उन्हात थांबावे की मधली धरून उशिराचा धोका घ्यावा, यावर मुले भांडतात, आणि भांडण इंग्रजीत करायचे असल्यामुळे शब्द शोधतात. मध्येच पावरी येते, मराठी येते. ती येऊ देतो. मनात विचार घरच्या भाषेतच होणार, तो अडवला तर बोलणेच थांबते, असे माझे मत आहे. आमच्याबरोबरच्या एका शिक्षकांना हे पटत नाही आणि आमचा वाद अजून चालू आहे.

इथपर्यंत बोलण्याचे झाले. पण पान कोणते करायचे, किती करायचे, बरोबर की चूक, हे सगळे अजून मीच ठरवत होते. फळा गेला तरी त्याची जागा मी घेतलेली होती.

युरोपात भाषा शिकवणाऱ्यांमध्ये आंरी होलेक या अभ्यासकाचे नाव घेतात. युरोप परिषदेसाठी १९७९ साली लिहिलेल्या अहवालात त्यांनी मांडले, की आपल्या शिकण्याची सूत्रे आपल्या हाती घेता येणे ही एक क्षमता आहे, आणि ती जन्मजात नसते, शिकावी लागते. काय शिकायचे, कोणत्या क्रमाने, कोणत्या रीतीने, पुढे सरकतोय का आणि शेवटी जमले का, हे सगळे शिकणाऱ्याने ठरवण्यापर्यंत जायचे. डेन्मार्कमध्ये लेनी दाम या शिक्षिकेने १९७० च्या दशकापासून शाळेतल्या साध्या मुलांना इंग्रजी शिकवताना हेच केले. तिच्या वर्गात प्रत्येक मुलाची एक रोजवही असे. आज काय केले, कसे झाले, पुढे काय करणार, हे मूल त्यात लिही.

डेन्मार्क कुठे आणि सातपुडा कुठे, असे मलाही वाटले होते. पण आमच्याकडे याची गरज जास्त आहे, त्याचे कारण ऐका. होळी या डोंगरातला सर्वांत मोठा सण. मुले घरी जातात ती ठरल्या दिवशी परत येतीलच असे नाही. काहींचे आईवडील ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला मोठ्या मुलीला बरोबर नेतात. महिना-दोन महिन्यांनी ती परत येते तेव्हा फळा बारा पाने पुढे गेलेला असतो. मग ती मागच्या बाकावर बसून फक्त उतरवून घेते, आणि पुढच्या वर्षी येत नाही. कोलंबिया देशात १९७० च्या दशकात 'एस्क्युएला नुएवा', म्हणजे 'नवी शाळा', या नावाने खेड्यांतल्या शाळांसाठी जे काम उभे राहिले, त्यात मुलांना स्वतः वापरता येतील अशा अभ्यासपुस्तिका दिल्या गेल्या, आणि शेतीच्या कामाला गेलेले मूल परतल्यावर सोडले तिथून पुढे सुरू करू शकेल अशी सोय ठेवली. आपल्याकडे आंध्रातील ऋषी व्हॅलीच्या परिसरातल्या छोट्या ग्रामीण शाळांतही कार्डांच्या आधारे मुले आपापल्या गतीने पायरी पायरी चढतात. हे वाचले तेव्हा मला आमच्या मागच्या बाकावरच्या मुली आठवल्या.

मग आम्ही दोन गोष्टी केल्या. पहिली, उत्तरांचे पान मुलांच्या हाती दिले.

यावर सर्वांत जास्त प्रश्न येतात. उत्तरे दिली तर मुले नक्कल करतील ना? करतात. मारिया माँटेसरीच्या साहित्यात लाकडी दट्टे खोबणीत बसवण्याचा संच असतो. दट्टा चुकीच्या खोबणीत घातला तर शेवटचा एक बसत नाही. मूल स्वतः पाहते आणि काढून पुन्हा लावते, मोठ्या माणसाने 'चूक' म्हणण्याची गरज पडत नाही. वर्कबुकातही चूक अशीच मुलाला स्वतःला दिसावी, म्हणून उत्तरांचा कागद आम्ही व्हरांड्याच्या टोकाला भिंतीवर लावला. आपले पान आधी करायचे, वर्कबुक बाकावरच ठेवायचे, चालत जाऊन उत्तर वाचायचे, डोक्यात धरून परत यायचे आणि लाल पेन्सिलीने तपासायचे. चुकले तर फुली. खोडायचे नाही, शेजारी पुन्हा लिहायचे.

पहिले तीन आठवडे सरळ नक्कल झाली. पोरे आधी व्हरांड्यात जात आणि मग पान भरत. मी तो कागद काढून टाकायच्या बेतात होते. मग लक्षात आले, की आम्ही अजूनही 'किती बरोबर' हे मोजत होतो आणि चांगल्या वहीचे कौतुक करत होतो. मुलांनी आमच्याकडूनच शिकलेले शहाणपण आमच्यावर वापरले. ते कौतुक बंद केले. शनिवारी जोडीदाराने त्याच पानावरचे प्रश्न तोंडी, थोडे बदलून विचारायचे असे ठरवले. नक्कल केलेल्या मुलाला तिथे काही सुचत नाही आणि त्याचे त्यालाच कळते. नक्कल पूर्ण थांबली असे नाही. दोन मुले अजूनही करतात, मला ती माहीत आहेत, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे.

तुम्ही पाहिलेल्या फुल्या त्या ह्या. मुलांनी स्वतः मारलेल्या.

दुसरी गोष्ट, पान निवडणे. शनिवारी मुले तीन ओळी लिहितात, कोणत्याही भाषेत: मला आता काय बोलता येते, कुठे अडते, पुढच्या आठवड्यात कोणती दोन पाने करणार. सुरुवातीला प्रत्येक वहीत एकच मजकूर, 'मी खूप अभ्यास करीन'. मोठ्यांना हे ऐकायला आवडते, हे मुलांना पक्के ठाऊक. मग आम्ही पहिल्या दोन ओळी काही काळ काढून टाकल्या आणि फक्त दोन पानांचे क्रमांक लिहायला सांगितले. क्रमांकात भक्तिभाव दाखवता येत नाही, खरेच निवडावे लागते. हळूहळू बाकीच्या ओळी परत आल्या. एका मुलीने लिहिले, 'तेरा आणि तीस ऐकायला सारखं वाटतं.' माझ्या दृष्टीने ही ओळ एका भरलेल्या वर्कबुकाच्या तोलाची आहे.

निवडलेली पाने भरलेली असतात, न निवडलेली कोरी. उसाच्या फडावरून परत आलेली मुलगी आपल्या सोडलेल्या पानापासून सुरू करते, आणि तिचे आणि शेजारणीचे पान वेगळे असले तरी कोणाला काही वाटत नाही. कोऱ्या पानांचे उत्तर एवढेच आहे.

सगळे सुरळीत चालले आहे असा समज मात्र करून घेऊ नका. दहावीची लेखी परीक्षा आहेच, आणि तिथे स्पेलिंग आणि व्याकरण लागते. गुरुवारचा तास आम्ही त्यासाठी ठेवला आहे आणि त्या दिवशी मी फळ्यावर लिहिते, 'एल' न गाळता. स्वतः शिकायला देणे म्हणजे मुलांना सोडून देणे असेही नाही. माझे काम पूर्वीपेक्षा वाढले आहे. पाने काढायची, झेरॉक्स करून आणायची, बाकाबाकांमधून फिरून ऐकायचे, कोण गप्प बसला आहे ते पाहायचे. लाजरी मुले जोडीतही गप्प बसतात आणि बोलका जोडीदार दोघांचे पान भरून टाकतो. याला मला अजून चांगला उपाय सापडलेला नाही.

मदतीबद्दल पुष्कळजण विचारतात. चकचकीत छापील वर्कबुके पुढच्या वर्षी कमी लागतील. एका बाजूने कोरे असलेले कागद, लाल आणि साध्या पेन्सिली, आणि झेरॉक्सचा खर्च, हे जास्त उपयोगी पडेल. आणि भेटीला याल तेव्हा मुलांना नाव आणि इयत्ता विचारू नका. ते त्यांना पाठ आहे. तुम्हाला खरेच माहीत नाही असे काहीतरी सोप्या इंग्रजीत विचारा: मोहाची फुले कधी वेचतात, आमचूर किती दिवस वाळवतात, इथून नर्मदा किती लांब आहे. उत्तराला वेळ लागेल. मध्येच शब्द सुचवू नका, चूक सुधारू नका, थांबा.

ती मुलगी पुढच्या वर्षी दुसऱ्या ठिकाणी नर्सिंगला लागली. त्यात आमच्या पानांचा काही वाटा नाही, ती पाने तिच्यानंतरची. सुटीत आली की ती लहान मुलींबरोबर 'ब' पान घेऊन बसते.

सातवीतल्या एका मुलाने मात्र मला चांगलेच अडचणीत आणले होते. बकरी विकण्याच्या पानाचा क्रमांक त्याने चार शनिवार ओळीने लिहिला. पुढे जा, असे म्हणायला माझी जीभ शिवशिवत होती. मी गप्प राहिले. पाचव्या आठवड्यात त्याने एक पाठकोरा कागद मागून घेतला आणि स्वतःचे पान तयार करून आणले. 'अ' पानावर विकणाऱ्याला बकरीचे वय आणि तिचा एक पाय अधू आहे हे माहीत, 'ब' पानावर घेणाऱ्याच्या खिशात किती पैसे आहेत ते माहीत. दोघांनी एकमेकांना विचारायचे, आणि विचारले नाही तर सांगायचे नाही. खाली मोठ्या अक्षरात सूचना होती, व्हरांड्यात याचे उत्तर लावलेले नाही. पुढच्या सत्राच्या संचात हे पान आम्ही चौदाव्या क्रमांकावर घेतले आहे.